सहाव्या आकड्याची घोडी

माझा धाकटा मुलगा एरमेक बोलतो माझ्याशी, त्याच्या आपाशी, आणि बघतो फोनकडे. झुउरा, त्याची बायको, चहा पुढे करते तर हा न बघताच वाटी घेतो नि बोट भाजून घेतो. तेही चालवून घेतलं असतं. पण यंदा त्यानं अकरा मेंढ्या विकल्या आणि त्या पैशाचं फोनमधलं नाणं घेतलं. म्हटलं, दाखव. तर म्हणे, "आपा, ते दिसत नसतं." माझ्या मेंढ्या चांगल्या दिसत होत्या.

नाणं चढायचं, पडायचं. डोंगरात जन्म काढलेल्या बाईला चढउताराचं काय कौतुक? घात केला तो सुयुंचूनं. आनंदाची बातमी जो पहिला आणेल, त्याला घरच्यांनी भेट द्यायची, ही आमची रीत. नातू झाला, हरवलेला बैल सापडला, की कोणीतरी "सुयुंचू" म्हणत दारात येतो आणि रिकाम्या हातानं जात नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात अशा बातम्या आल्या सात. एरमेकच्या नाण्यानं एका महिन्यात एकोणीस आणल्या.

आणणारा एकच, शेजारच्या तंबूतला दोरोन. मेंढ्या त्याच्या, राखते त्याची सासू. हा फोन घेऊन टेकडीवर बसतो, कारण तिथे रेंज येते. नाणं चढलं की हा उतरलाच.

"एरमेकदादा, सुयुंचू."

पहिल्यांदा लोकरीच्या नमद्याची पांढरी टोपी गेली. मग चाबूक, बूट, बोकड, खोगीर. नाणं पडेल त्या दिवशी दोरोनचे गुडघे दुखायचे.

"नाणं पडलं की टोपी परत माग," मी म्हटलं.

"तशी रीत नाही, आपा."

"असती, तर तो एव्हाना अनवाणी, बोडका फिरत असता."

पुढे एका मेजवानीत, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमीस जरा जास्त झाल्यावर, एरमेक पांढऱ्या दाढ्यांच्या चार म्हाताऱ्यांसमोर उठून म्हणाला, "नाण्याच्या भावाला सहावा आकडा लागल्याची बातमी जो पहिला देईल, त्याला आमची करडी घोडी."

करडी घोडी. तिची आजी माझ्यासोबत माहेरून आली. तिचंच कुमीस रस्त्यावर विकून आमचं हिवाळ्याचं पीठ येतं. पण म्हाताऱ्यांसमोर दिलेला शब्द मागे घेता येत नाही. दोरोननं दुसऱ्याच दिवशी नवा दोर आणला आणि घोडीच्या मापाचा कापून ठेवला.

आता एक गोष्ट तो विसरला. टेकडी सोडली तर रेंज फक्त आमच्या घोडी बांधायच्या खुंटापाशी येते. म्हणून एरमेक रात्री फोन तिथेच पिशवीत टांगतो. आणि पहाटे घोडीचं दूध काढायला तिथे जातं कोण? मी. मी शाळेत दोनच हिवाळे गेले, पण आकडे मोजता येतात. रोज दूध काढता काढता पिशवीतल्या फोनवर मोजायचे. पाच. पाच. पाच.

त्या मंगळवारी सहा.

मी दुधाचं भांडं खाली ठेवलं, तंबूत गेले आणि एरमेकच्या पायाला लाथ घातली.

"सुयुंचू."

तो डोळे चोळत म्हणाला, "काय झालं, आपा?"

"सहावा आकडा. घोडी माझी. झुउरा, तू साक्षीला."

"ऐकलं मी, आपा," पांघरुणातून झुउरा हसली.

तेवढ्यात दोरोन दोर घेऊन धापा टाकत आला. मी त्याला वाटीभर कुमीस दिलं. म्हटलं, "पी. तुझीच होणार होती, थोडक्यात चुकली."

एरमेक मात्र नाचत होता. मी सांगितलं, आता नाणं वीक. तो म्हणाला, "आज कोण विकतं, आपा? अजून चढेल." दुपारच्या जेवणापर्यंत पुन्हा पाच आकडे झाले. संध्याकाळी तो खुंटाला टेकून बसला होता आणि घोडी त्याची बाही चघळत होती.

मी त्याच्यासमोर बसले.

"एरमेक, नाण्याला मी नावं ठेवत नाही. वर जातं, खाली येतं, बकरीही तेच करते. वाईट आहे तुझा हात. आनंद झाला की वाटत सुटतो. म्हणून नीट ऐक. नाणं तू ठेव. आजपासून ते चढल्याची बातमी पहिली मी देणार, आणि दर वेळी एक मेंढी घेणार. असाच हटून बसलास तर दोन वर्षांत दिसणारं सगळं माझं असेल आणि न दिसणारं सगळं तुझं. आता ऊठ, घोडीला पाणी दाखव. माझ्या घोडीला."