पाच वेळा जोडलेली कॉइल

"अवं, कालवण गार झालं. पाटी काय तुमाला उत्तर सांगणार हाय?" सारजाबाई नवऱ्याला म्हणाली.

"सांगितलं तिनं," भैरू म्हणाला. मान वर केली नाही.

पाटीवर तोच आकडा चौथ्यांदा आला होता. एकशे ऐंशी भागिले सहा, तीस.

वायरमनच्या परवान्याची परीक्षा बारा दिवसांवर आली होती. पाच वर्षांत भैरूने रिह्याच्या खोऱ्यात चाळीस घरांत दिवे लावले, ते सगळे हाताच्या अंदाजाने. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो पुस्तकातून शिकत होता की व्होल्टला अँपिअरने भागले की तारेचा रोध निघतो आणि दोन्हींना गुणले की वॅट निघतात. सरावाला खरे आकडे हवेत म्हणून काल दुपारी त्याने मागून आणलेला मीटर दवाखान्यातल्या विजेच्या शेगडीला लावला. एकशे ऐंशी व्होल्ट, सहा अँपिअर.

शेगडीवर मात्र छापले होते, दोनशे तीस व्होल्ट, हजार वॅट. त्या हिशेबाने रोध त्रेपन्न यायला हवा होता.

उरलेले तेवीस कुठे गेले, हे त्याला कुणाला विचारावे लागले नाही. त्या शेगडीची कॉइल वर्षभरात पाचदा तुटली होती आणि पाचही वेळा त्यानेच जोडली होती. जळका तुकडा कापायचा, उरलेली तार ताणून खाचेत बसवायची, टोकांना पीळ द्यायचा. दर वेळी तार तोकडी होई, रोध घटे आणि पाणी आधीपेक्षा लवकर उकळे. भैरूच्या हाताला गुण आहे, असे लोक म्हणत. फ्यूज उडायला लागला तेव्हा त्याने त्यात दुहेरी तार घातली होती, म्हणजे आता वायरिंग तापले तरी तो उडणार नव्हता.

त्याने पुढचे गणित मांडले. दिवसा नदीवरचे पंप चालतात, व्होल्टेज पडलेले असते, तेव्हा शेगडी हजाराच्या आसपासच राहते. संध्याकाळी पंप बंद झाले की व्होल्टेज दोनशे तीसवर चढते. दोनशे तीस भागिले तीस, साडेसातच्या वर. वॅट साडेसतराशेच्या पुढे. दवाखान्याच्या आढ्याखालून लाकडी पट्टीवर गेलेली तार पाच अँपिअरची होती. नर्सबाई हत्यारे सकाळीच उकळून ठेवत, म्हणून आजवर निभावले होते.

"म्हसू धनगराची तुकाबाई दुपारीच दवाखान्यात नेलीया," सारजाबाई ताट सरकवत म्हणाली. "अडलीया म्हनं."

"पाचची एसटी गेली का?"

"कवाच."

म्हणजे पंप बंद व्हायची वेळ झाली होती. भैरूने सायकल काढली.

दवाखाना तीन मैलांवर होता. रस्ता नदीच्या कडेने जाई. पंपांची घरघर ऐकू येत होती तोवर त्याला धीर होता. ओढ्याजवळ वावरातले काम उरकलेला गेणबा पाय धुऊन आपल्या पंपाच्या खोपटाकडे निघालेला दिसला.

"गेणबा, घटकाभर पंप चालू ठिव."

"आन् वावराचं तळं करू? भात न्हाई लावायचा मला फाल्गुनात."

"दवाखान्यात बाई अडलीया."

"मंग माझं पानी पाजतोस का तिला?"

समजावायला वेळ नव्हता. भैरू पुढे निघाला. पन्नास पावलांवर मागची घरघर थांबली. पुढे आणखी दोन थांबल्या.

दवाखान्याच्या ओट्यावर तुकाबाईची सासू कोंडाबाई बसली होती. "या वायरमन," ती म्हणाली. "पानी कसं खदखदाया लागलंय बघा. आमच्या चुलीला कदी जमायचं?"

आत रबर जळल्याचा वास होता. आढ्याखाली तारेवरचे रबर पाघळून पट्टीवर ओघळले होते. पट्टी काळी पडली होती. भैरूने मेन स्विच खाली ओढला.

"वीज कोणी घालवली?" पडद्याआडून नर्सबाईंनी विचारले. त्या पुण्याच्या होत्या, आवाज कधी चढवत नसत.

"म्या, बाई. तार पेटली असती."

"सकाळचे वापरून झाले, म्हणून कात्री, चिमटे परत उकळायला आत्ताच टाकलेत. शेगडी आज कधी नव्हे इतकी चांगली चालली होती."

"त्याच्यामुळंच. कॉइल तोकडी करत आलो म्या. चूक माझी हाय."

बाई म्हणाल्या, "कंदील द्या. चूल पेटवा. पाणी उकळल्यावर वीस मिनिटं. एक कमी चालायची नाही."

भैरूने मागच्या पडवीत चूल पेटवली. भांडे चुलीवर चढवले. लाकडे ओली होती. तो फुंकत राहिला, डोळ्यांतून पाणी येत राहिले. आतून बाईंनी दोनदा विचारले, झाले का? दोन्ही वेळा तो नाही म्हणाला. पहिले बुडबुडे आले तशी कोंडाबाईने भांड्याला हात घातला.

"उकळलं की आता."

"मावशी, वीस मिनटं," म्हणत त्याने तिचा हात बाजूला केला. सुनेचा आवाज वाढला तसा कोंडाबाईने पदर तोंडात धरला. भैरू मिनिटे मोठ्याने मोजत होता.

त्याने भांडे पडद्यापाशी दिले आणि तो मेन स्विचजवळ जाऊन उभा राहिला. कुणी अंधारात चाचपून तो वर ढकलेल म्हणून त्याने स्विचच्या मुठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळाने आतून तान्ह्याचे रडणे आले.

कोंडाबाई बाहेर आली. "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. आता लावा की लाइट, तोंड बघू द्या."

"न्हाई, मावशी. सकाळी दुसरं कुणी तरी बघंल. परवानावालं."

"तुमीच बसवलीया न्हवं ही?"

"व्हय," भैरू म्हणाला.

कोंडाबाई कंदील घेऊन नातीकडे गेली. भैरू अंधारात तसाच उभा राहिला.