पडवीतले ड्रम

मण्यार पडवीतल्या ड्रमांमागे शिरताना प्रतिभाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. हातातलं काम टाकून ती घरात धावली आणि झोळीतल्या चैतीला उचलून अंगणात आली.

"आई, आधी बाहेर या," तिने सासूला, हिराबाईला हाक मारली.

सूर्यमाळच्या त्या घराची अर्धी पडवी हिराबाईच्या भांड्यांनी भरली होती. निळे ड्रम, तेलाचे रिकामे डबे, चेपलेले हंडे, रंगाच्या बादल्या. अंगणात नळ आला, तरी बाजारातून येताना हिराबाई एखादा डबा काखोटीला मारून आणायचीच. सुनेने विषय काढला की म्हणायची, "असू दे. तुझं काय खातंय?"

हाक ऐकून तिचा लेक देवानंद शेतातून धावत आला.

"सगळं बाहेर काढावं लागेल," तो म्हणाला.

"नको. धूर कर, जाईल," हिराबाई म्हणाली.

"नाही गेली तर? पोरगी रांगते, आये."

हिराबाई बाजूला सरकली. देवानंद लांब काठीने एकेक डबा पुढे ओढू लागला. ती मात्र त्याला काही भिरकावू देईना. प्रत्येक भांडं स्वतः उचलून अंगणात नीट मांडत होती. ढीग कमी होत गेला, तरी मण्यार दिसेना.

तिने एक हंडा छातीशी धरून उचलला आणि आत काहीतरी जड सरकलं.

"आये, हलू नको," देवानंद हळूच म्हणाला. हंड्याच्या तोंडाशी काळ्या अंगावरचे पांढरे पट्टे त्याला दिसले होते. "आता सोड तो हंडा. लांब टाक."

हिराबाईला ऐकू येत होतं, पण बोटं उघडत नव्हती.

"आई, चैतीकडे बघा," प्रतिभा म्हणाली. "टाका."

हंडा पायऱ्यांवरून गडगडत अंगणात गेला. मण्यार बाहेर पडली, क्षणभर थबकली आणि करवंदीच्या जाळीत दिसेनाशी झाली.

हिराबाई पायरीवर बसली. प्रतिभाने दिलेलं पाणी प्यायल्यावर ती लेकाला म्हणाली, "तू चैतीएवढा होतास. हगवण लागली होती तुला. पाणी पाजत राहा, म्हणाली नर्सबाई. टँकर आला, तर माझ्याकडे दोनच हंडे. बायांनी ड्रम भरून नेले. मी रात्रभर तुला चमच्याने पाजत होते आणि हंड्याचा तळ बघत होते. सकाळी एकीने कळशीभर दिलं, म्हणून निभावलं."

देवानंदला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याने गडगडलेला हंडा उचलून आणला आणि तिच्याजवळ ठेवला.

"उन्हाळ्यात नळ दगा देतो, ते मलाही दिसतं," प्रतिभा म्हणाली. "चांगले ड्रम ठेवू. पण गळक्यात पाणी राहत नाही, आई."

हिराबाईने प्रत्येक भांड्यात स्वतः पाणी ओतून पाहिलं. गळकी भांडी बाजूला काढताना तिचा हात दर वेळी अडखळत होता. एका डब्यापाशी तर ती भोकावर अंगठा दाबून बसून राहिली. प्रतिभाने घाई केली नाही.

पुढच्या आठवड्यात मोखाड्याचा भंगारवाला गळकी भांडी घेऊन गेला. नंतर कितीतरी दिवस मोकळ्या पडवीत पाऊल टाकलं की हिराबाई उरलेले ड्रम मोजायची. पडवी रिकामी वाटत नाही का, असं शेजारणीने विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "होईल सवय."