ठोकून भरलेला लोटा

सुरा वर गेला आणि त्याला चिकटून धानाने भरलेला तांब्याचा लोटाही वर गेला! अड्याळच्या मंडपात गर्दी पुढे सरकली. मोबाइल धरलेले हात तेवढे हवेत राहिले.

"घट बोलला!" सुरा उचलणारा घटबाबा गरजला. "या सुनेचं पाऊल काळं हाये. अवसेच्या आत घराबाहेर काढा, नाही तं पोरगा हातचा जाईन!"

मुलाच्या दुखण्याचं कारण विचारायला आलेली शकुनबाई सुनेकडे, दीपमालाकडे बघू लागली. मुलगा ताराचंद तापाने खंगलेला. तो बायकोकडे बघेना. "सकाळच्या गाडीनं लाखांदूरले, माहेरी सोडून देतो," एवढंच पुटपुटला.

दीपमाला रडली नाही. सासूला म्हणाली, "आई, तो लोटा तं तुमीच भरला न?"

शकुनबाईचा जन्म कीर्तन ऐकण्यात गेला. बुवा सांगत, देवापुढे डोळे खुशाल मिटा, माणसाचा न्याय करताना मात्र उघडा. तिने ते आता उघडले.

मघाशी लेकीच्या, धुरपताच्या नावाचा लोटा बाबाने स्वतः भरला होता, भसकन ओतून. सुरा रिकामाच वर आला. सुनेचा लोटा मात्र शकुनबाईच्या हाती दिला. "देवाचं माप हाये, माय. आपल्या रीतीनं भर." देवाचं माप ठोकून, दाबून, शिगोशीग भरायचं, ही धानपट्टीची रीत. तिने भक्तीने दाबलं. वर बाबाने मंत्र पुटपुटत सुरा पुन्हा पुन्हा खुपसला होता.

"थांबा बाबाजी. आता तुमच्या नावाचा लोटा भरतो," शकुनबाई म्हणाली.

"देवाची परीक्षा घेतं? भस्म होशीन!"

"देवाची नाही जी, लोट्याची."

तिने धान ठोकून भरलं, सुरा खुपसत राहिली आणि उचलला. लोटा वर!

"तुमचंई पाऊल काळं निंगालं, बाबाजी. तुमाले कोन्या गाडीत बसवू?"

मंडपात हशा पिकला. मग तिने सुनेच्या नावाचा लोटा सैल भरला. सुरा रिकामा आला. ठोकलेले दाणे एकमेकांत रुतून पात्याला आवळतात, सैल दाणे सोडून देतात. दैवी शक्ती ती एवढीच.

"ताराचंद, सकाळची गाडी पकड," ती म्हणाली, "पन भंडाऱ्याची. डॉक्टरले दाखवू. दीपमाला, तूई चाल. अन् माह्या या हातांले माफ कर, बाई."

गडबडीत बाबाची जीप निघून गेली. आता दुसऱ्या कुठल्या गावात दुसरी कुणी सासू दुसऱ्या सुनेचा लोटा भक्तीने दाबत असेल. तिला एवढंच सांगा, देव माणसं जोडतो. जो चमत्कार घरातलं माणूस तोडायला सांगेल, तो आधी आपल्या हाताने करून पाहा.