पांढऱ्या लाकडाची फ्रेम

"फोटो मोठा करून आणलाय, मिस्त्री," मालक म्हणाले आणि माझ्या कामाच्या टेबलावरच त्यांनी गुंडाळी उलगडली. "फ्रेम तुमच्याच हातची पाहिजे. गाभ्याचं सगळ्यात चांगलं लाकूड घ्या, खर्चाचं बघू नका. तिच्या मशीनच्या वर लावू."

मी बघितलं. कारखान्यातल्या सगळ्यांना ओळीने उभं करून एकदा फोटो काढला होता. त्यातून माझ्या बायकोचा चेहरा तेवढा उचलला होता. डाव्या बाजूला कुणाच्या तरी खांद्याचा तुकडा राहिला होता. मग माझ्या लक्षात आलं, तिच्या गळ्यात रुमाल नाही.

"रुमाल कुठं गेला?"

"स्टुडिओवाल्याने काढून टाकला. बरं दिसत नव्हतं ते. आता बघा, कशी प्रसन्न दिसते."

कामावर ती तो रुमाल नाकाला बांधायची आणि जेवायला बसली की गळ्यात ओढायची. फोटोच्या दिवशी सुपरवायझर तिला म्हणाला होता, "आज तरी ते फडकं काढ." ती म्हणाली होती, "दागिना आहे माझा, राहू दे." तो दागिना आता कुणीतरी कॉम्प्युटरवर पुसून टाकला होता आणि तिथे तिचा गळा रंगवला होता.

मी मालकांना म्हणालो, "धूळ ओढायची नळी बसवा. मग फ्रेम करतो."

"तुम्ही दुःखात आहात, मी समजू शकतो."

"दुःखाचं माझं मी बघतो. नळीचं तुम्ही बघा."

त्यांनी फोटो गुंडाळला. "बघू," म्हणाले आणि गेले.

नळीचं मी उगाच काढलं नव्हतं. बायको गेल्यावर तिच्या मशीनवर तिची धाकटी बहीण उभी राहिली होती. घरात नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन पोरं, आणि कमावणारी ती एकटी. मी नको म्हणालो होतो. ती म्हणाली, "भाऊजी, दुसरीकडे काम दाखवा, उद्या सोडते." मला दाखवता आलं नाही. आता तिलाही सकाळी शिंका सुरू झाल्या होत्या. माझ्या बायकोचंही शिंकांपासूनच सुरू झालं होतं.

आमच्या कारखान्यात महाग लाकडाची कपाटं आणि टेबलं होतात. मी जोडकाम करतो. बायको पट्ट्याच्या मशीनवर फळ्या घासायची. फळी गुळगुळीत होते आणि तिची मैद्यासारखी धूळ उडते. ती ओढून घेणारी एक नळी त्या मशीनच्या वर होती. तिची मोटर जळली तेव्हा फिटरने नळी उतरवून ठेवली. भिंतीत नुसतं भोक राहिलं.

त्याच दिवसांत प्रयोगशाळेतल्या एक बाई आल्या होत्या. आमच्या लाकडाला वाळवी लागत नाही, हे मालकांना तपासून हवं होतं. ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर बोट ठेवून बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. सालीलगतचा पांढरा भाग जिवंत असतो. त्यातून पाणी वर जातं, त्यातच झाड आपलं खाणं साठवतं. झाड जाड होत जातं तशा आतल्या पेशी मरत जातात. पण मरायच्या आधी त्या साठवलेल्या साखरेची तेलं करतात, रंग करतात, कडू जहर द्रव्यं करतात आणि ती आजूबाजूच्या लाकडात मुरवतात. तोच गाभा. रंग त्याचा, वास त्याचा, आणि वाळवी तोंड लावत नाही तेही त्याच्यामुळे.

मालकांनी हे सगळं पाठ करून टाकलं. पुढे गिऱ्हाइकांना ते असंच सांगायचे. पेशी मरतात एवढं मात्र गाळायचे.

माझ्या बायकोने तेव्हा मशीनजवळूनच विचारलं, "बाई, ज्याने वाळवी मरते ते आमच्या नाकात गेलं तर काय होतं?"

"तू कधीपासून वाळवी झालीस?" सुपरवायझर म्हणाला आणि सगळे हसले.

"वाळवीचं बरं आहे, साहेब," ती म्हणाली. "ती पांढऱ्याकडे वळते. मला तुम्ही गाभ्याला जुंपलंय."

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, सगळ्यांना त्रास होत नाही, पण अशी बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली तर वाईट आजार होतात. मग त्यांनी भिंतीतल्या भोकाकडे बोट केलं. "इथली नळी कुठं आहे?"

"दुरुस्तीला गेलीय," सुपरवायझर म्हणाला.

नळी मागच्या गोदामात पोत्यांखाली पडली होती. आम्ही ती रोज बघत होतो. मी विचारलं, इतरांनीही विचारलं. उत्तर एकच, "बघू."

बायको घरी यायची ती दाराबाहेरच कपडे झटकायची. तरी फळीवर, भांड्यांवर ती तांबूस धूळ बसायचीच. मी फुंकर मारली की ओरडायची. "फुंकू नका हो. फुंकलं की पुन्हा आपल्याच नाकात. ओल्या फडक्याने टिपून घ्या." आणि मला शिकवल्यासारखी टिपून दाखवायची.

शिंका झाल्या. हातावर पुरळ आलं. मग उशीवर रक्ताचे डाग दिसायला लागले. नाकाच्या आत गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करतात? मी सांगितलं तसं त्यांनी पेन खाली ठेवलं. लाकडाच्या धुळीने अशी गाठ होऊ शकते, म्हणाले. पण एकाच माणसाबद्दल अगदी खात्रीने सांगता येत नाही, असंही म्हणाले. ते मालकांच्या फार कामी आलं. शेवटी शेवटी तिला कशाचाच वास येत नव्हता. मी जवळ बसलो की म्हणायची, "आज तुम्ही आंघोळ केली की नाही, मला कळायला मार्ग नाही. चैन आहे तुमची."

ती गेल्यावर मालक घरी आले. मी नळीचं बोललो तर म्हणाले, "डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय का?"

नळीशिवाय फ्रेम करायला मी नाही म्हणाल्यावर ती त्यांनी दुसऱ्या सुताराकडून करून घेतली आणि मशीनच्या वर, त्या भोकाच्या शेजारी लावली. गडद तांबूस गाभा, वर चकचकीत पॉलिश. खाली मेहुणी फळ्या घासत होती आणि धूळ उडून बहिणीच्या काचेवर बसत होती.

थोड्याच दिवसांनी एका मोठ्या दुकानाच्या खरेदी करणाऱ्या बाई यायच्या होत्या. सकाळीच सुपरवायझर सांगत फिरला, "आज तोंडं बांधू नका. दवाखान्यासारखं दिसतं." मेहुणीने रुमाल सोडून खिशात घातला.

मालक त्या बाईंना घेऊन मशीनपाशी आले आणि पाठ केलेलं सांगायला लागले. झाडाची स्वतःची तेलं, स्वतःचा रंग, जन्मात कीड लागणार नाही. बाईंचं लक्ष वर गेलं.

"हा फोटो कुणाचा?"

"आमच्या घरचीच समजा," मालक म्हणाले. "याच मशीनवर आयुष्य काढलं तिने. आजारपणात गेली. फ्रेमही त्याच लाकडाची केली आहे."

मी हातातली पटाशी खाली ठेवली. तेवढ्यात मशीन थांबलं. मेहुणीने खिशातून रुमाल काढला आणि सावकाश नाकाला बांधला.

"अगं, काय करतेस? चालू कर," सुपरवायझर दबक्या आवाजात म्हणाला.

"करते. आधी ताईच्या प्रश्नाचं उत्तर द्या."

"कुठला प्रश्न?"

"ज्याने वाळवी मरते ते नाकात गेलं तर काय होतं?"

या वेळी कुणी हसलं नाही. खरेदीवाल्या बाईंनी मालकांकडे बघितलं, मालकांनी माझ्याकडे.

मी म्हणालो, "ती माझी बायको. नाकात गाठ होऊन गेली. तिच्याही तोंडाला असाच रुमाल असायचा, तो या फोटोतून पुसून टाकलाय. आणि या भोकाला लागायची नळी मागे गोदामात पोत्यांखाली आहे. चला, दाखवतो."

"मिस्त्री, ही वेळ नाही," मालक म्हणाले.

"मग कुठली होती?"

बाई माझ्या मागून आल्या. पोती मी बाजूला केली. नळीत उंदरांनी घर केलं होतं. बाईंनी वाकून ती बघितली आणि मागोमाग आलेल्या मालकांना त्या म्हणाल्या, "ही बसवा. मालाचं नंतर बोलू."

दुसऱ्या दिवशी फिटर आला. जुनी मोटर जळलेलीच होती, त्याने नवी आणली. जेवण झाल्यावर कामाला लागला आणि कारखाना सुटायच्या आत नळी भोकाला बसली. बटण दाबलं तशी फळीवरची धूळ सरळ रेषेत वर गेली.

"एवढंच होतं?" मी विचारलं.

"एवढंच," फिटर म्हणाला. "मला आधीच का नाही बोलावलंत?"

एका दुपारचं काम. त्या बिचाऱ्याचा काय दोष, पण त्याच्या हातातला पाना घेऊन सगळ्या काचा फोडाव्यात असं मला वाटलं. दारात मालक उभे होते. "झालं ना मनासारखं?" म्हणाले. मी त्यांच्या अंगावरून पुढे गेलो. थांबलो असतो तर हात उचलला असता.

जाताना जळणाच्या ढिगातून एक पांढरी फळी उचलली. हे सालीलगतचं लाकूड आम्ही कापून फेकून देतो. त्याला ना रंग ना वास. घरी तिची फ्रेम केली, पॉलिश न करता. ओळीतल्या फोटोची आमच्याकडे एक प्रत होती. त्यातून तिला कापून काढली, गळ्यातल्या रुमालासकट, आणि फ्रेममध्ये बसवून घरातल्या फळीवर ठेवली.

मेहुणी बघायला आली तेव्हा म्हणाली, "भाऊजी, याला कीड लागेल."

"लागू दे."

लागली. काही महिन्यांतच फ्रेमच्या खालच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागली. रोज सकाळी फळीवर पांढऱ्या भुकटीची चिमूटभर रास पडलेली असते. मी फुंकर मारत नाही. फडकं ओलं करतो, पिळतो आणि टिपून घेतो.