कव्हरवरचं नाव

हेरपटाच्या त्या जुन्या धूनमधला बिनशब्दांचा आलाप मेव्हिस लॉकचा आहे, हे लंडनमध्ये पाच माणसांनाही ठाऊक नसेल. सहासष्ट सालापासून रेकॉर्डच्या कव्हरवर नुसतं 'वाद्यवृंद आणि कोरस'. एकतीस वर्षांनी हॅकनीच्या गॅविन आणि ल्यूक या जोडीने त्याच धूनवर क्लबात नाचायची रेकॉर्ड करायला घेतली आणि तिला बोलावलं, तेव्हा तिने मनातल्या मनात कव्हरवर आपलं नाव छापूनही टाकलं. केस सेट करून बाई दुपारी दोनच्या ठोक्याला स्टुडिओत हजर.

माइकसमोर केरी नावाची विशीतली पोरगी उभी होती.

"जुना आवाज वापरायला फिल्म कंपनी परवानगी देत नाही," गॅविन म्हणाला. "म्हणून केरी तस्संच गाणार. तुम्ही तिला जरा शिकवा."

मेव्हिसने दाराकडे पाहिलं. पण कोट काढून झाला होता, चहाही आला होता. बसली शिकवायला.

पोरगी सुरात होती, पण शेवटच्या वळणावर नुसतीच गोड.

"लाडात काय येतेस? त्या हेराला गोळी घालायला आली आहेस तू!" मेव्हिस खेकसली.

"मग तुम्हीच दाखवा ना!"

"घेऊ या गाइड," म्हणत ल्यूकने बटण दाबलं. गाइड म्हणजे नमुना; ऐकून दुसऱ्याने गायचा.

मेव्हिस गायली. आवाज सत्तरीचा, खरखरीत, पण वळणावर असा वळला की ल्यूकचं बिस्किट चहात विरघळून गेलं.

"बाप रे!" गॅविन म्हणाला. मेव्हिसला वाटलं, कान असतील तर आता हेच ठेवतील.

मग केरी हेडफोन लावून तिच्यामागोमाग गायली. तिसऱ्या खेपेला हुबेहूब. ल्यूकने कॉम्प्युटरच्या पडद्यावरून मेव्हिसच्या आवाजाची पट्टी उडवली.

"माझं पुसलंस?"

"गाइड कोण ठेवतं, मेव्हिस? तुम्हाला का सांगायला हवं?"

मेव्हिस भांडायला उठली आणि तशीच खाली बसली. सहासष्ट साली त्या आलापाचं गाइड पेगी डॉसनने गायलं होतं. मेव्हिसने तिचा श्वासन् श्वास उचलला होता, आणि पेगी काचेपलीकडे पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"थँक यू हं, मेव्हिस," केरी म्हणाली.

मेव्हिसने तेव्हा पेगीकडे वळूनही पाहिलं नव्हतं.