कल्लप्पाच्या बाटलीचा फोटो

शुक्रवार पेठेत माडीवर आमच्या सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि खाली कल्लप्पाचा सोडावॉटरचा कारखाना. कारखाना म्हणजे एक यंत्र, एक पाण्याचा हौद आणि स्वतः कल्लप्पा. यंत्र सुरू झालं की माडी थरथरायची आणि वर फोटोला बसलेल्या माणसाला दोन नाकं यायची. मामा, म्हणजे माझे सासरे हिंदुराव, खिडकीतून डोकं काढून म्हणायचे, "ए, बंद कर तुझं ते फटफटं."

कल्लप्पा खालून म्हणायचा, "गिऱ्हाइकाला सांगा की, श्वास धर म्हणून. एरवी सांगताच."

माडी कल्लप्पाच्या मालकीची होती आणि तिथं आधी येऊन बसले होते मामा. दोघांचंही म्हणणं खरं असल्यामुळं भांडण चांगलं टिकलं होतं.

पस्तीस सालच्या उन्हाळ्यात कल्लप्पाची एक गोटीची बाटली मामांच्या हातात आपोआप फुटली. गोटी उडाली आणि समोरचे दोन दात घेऊन गेली. दात सापडले, गोटी सापडली नाही. कल्लप्पानं पेठभर सांगितलं, "माझी बाटली फुटत न्हाई. सगळं जग गोटी अंगठ्यानं दाबतं, हिंदुराव दातानं दाबायला गेले."

पेठेतली भांडणं सिद्धाप्पा आडत्यांच्या ओट्यावर मिटायची, म्हणजे तिथून पुढं जोरात सुरू व्हायची. सिद्धाप्पांनी निकाल दिला. बाटली आपणहून फुटते हे हिंदुरावांनी दाखवावं. दाखवलं तर कल्लप्पानं यंत्र दुसरीकडं न्यावं, नाही तर हिंदुरावांनी माडी सोडावी. सिद्धाप्पांचे स्वतःचे सगळे दात शाबूत होते आणि ते त्यांना हवे होते. त्यामुळं बाटली पंचांसमोर फोडायची नाही, असंही ठरलं.

"तुम्ही फोटोवाले ना?" ते म्हणाले. "मग फोटो आणा."

उत्तरेचा उजेड येणारी तशी दुसरी माडी पेठेत नव्हती. ती गेली की मामांचा धंदा गेला, हे मामांना कळत होतं, आणि कल्लप्पालाही कळत असल्यामुळं तो त्या दिवसापासून जिन्याखाली मोठ्यानं शीळ घालायला लागला.

मी घरजावई. इंटरला दोनदा नापास, त्यातल्या त्यात फिजिक्समध्ये बरा नापास. मामा मला म्हणाले, "जावईबापू, जेवता तर लई शास्त्रशुद्ध. आता ह्याचं काय शास्त्र असंल तर काढा बाहेर."

मी काढलं. मोडीत निघालेल्या मोटारलॉरीचं कॉइल आणलं, बॅटरी आणली. सासूबाईंच्या काचेच्या दोन बरण्यांतलं लोणचं मी कामासाठी म्हणून संपवलं आणि वीज साठवायला बरण्यांना आतून-बाहेरून चहाच्या खोक्यातला शिशाचा कागद चिकटवला. बाटलीभोवती केसासारखी तांब्याची तार गुंडाळायची आणि तिच्यातून वीज वाहती ठेवायची. बाटली फुटली की तार तुटणार, तार तुटली की कॉइल झटका देणार आणि बरण्यांशेजारी ठिणगी पडणार. खोलीत मिट्ट काळोख, कॅमेऱ्याचं तोंड आधीपासून उघडं. ती ठिणगी माशीलाही कळणार नाही एवढ्यात विझते, तेवढाच काय तो उजेड. म्हणजे फोटो आम्ही काढायचाच नाही. बाटलीनंच फुटता फुटता आपला काढून घ्यायचा.

"मग मी काय करायचं?" मामांनी विचारलं.

"तुम्ही दाराबाहेर बसायचं."

"ते काय, लग्न झाल्यापास्नं बसलोयच."

बाटली आपणहून फुटायला हवी, म्हणून ती तापलेल्या विटांवर ठेवायची. पण लग्नामुंजीत धडाधड फुटणाऱ्या कल्लप्पाच्या बाटल्या आमच्या विटांवर योग्यासारख्या बसून राहिल्या. शेवटी एका दुपारी मामांचा धीर सुटला आणि त्यांनी दाराआडून कल्लप्पाच्या घराण्याचा उद्धार सुरू केला. पणजोबांपर्यंत पोचले आणि बाटली फुटली.

लाल दिव्याखाली आम्ही कॅमेऱ्यातली फोटोची काच धुतली. बाटली कमरेत दुभंगलेली. चिमण्यांच्या थव्यात दगड पडावा तशा चहूकडं उडालेल्या कपच्या, आणि वर, बाटलीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, हवेत थांबलेली गोटी. काहीच हललेलं नव्हतं. मामा रडले. समोरचे दोन दात नसलेल्या माणसाचं रडणं शिट्टीसारखं ऐकू येतं.

"मेला कल्लप्पा," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ती काच नेहमीच्या घडवंचीवर वाळत ठेवली.

घडवंची रावजीच्या खिडकीत होती. रावजी हा आमचा डाग काढणारा. गिऱ्हाइकांचे मुरूम, वण, सुरकुत्या तो काचेवरच पात्यानं खरवडायचा आणि पेन्सिलीनं भरून काढायचा. घडवंचीवर वाळलेली काच उचलायची, साफ करायची, कागदावर उतरवून कार्डाला लावायची, ही त्याची रीत. नऊ वर्षांपूर्वी त्यानं मामांच्या वडलांच्या फोटोतली नाकावरची चामखीळ काढून टाकली होती. श्राद्धाला आलेले भाऊबंद फोटो बघून म्हणाले, हा कोण पाहुणा? तेव्हापासून मामा रावजीशी एक शब्द बोलले नव्हते. त्याला काढत नव्हते, कारण गिऱ्हाइकं त्याच्यासाठी येत. बोलायचं झालं तर मधे मी.

"त्याला सांगा, सकाळी कार्डावर लावून पाहिजे," मामा म्हणाले. "कसला फोटो ते बोलायचं न्हाई. खाली कल्लप्पाकडं जाऊन फुकट सोडा पितंय ते."

मी तेवढंच सांगितलं.

"त्यांना समदं सकाळीच लागतंय," रावजी म्हणाला. "बरं म्हणावं."

सकाळी रावजीनं कार्ड पाकिटात घालून टेबलावर ठेवलं. मामांनी ते न उघडता लाखेनं बंद केलं आणि ओट्यावर सगळ्यांसमोर सिद्धाप्पांच्या हातात दिलं. "ह्या फोटोला मी हात लावल्याला न्हाई. जावयानं लावल्याला न्हाई. काय खरं ते त्यातच हाय."

कल्लप्पा शीळ घालायचा थांबला. सिद्धाप्पांनी पाकीट फोडलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"छान आहे," ते म्हणाले.

कार्डावर एक अखंड बाटली उभी होती. कुठं ओरखडा नाही. खांद्यावर चकाकीची एक लांब रेघ, नवरीच्या केसांना काढतात तशी. वर आकाशात पूर्ण चंद्र आणि त्याच्या खाली मऊ पांढरा ढग.

"कुणाची बाटली ही?" सिद्धाप्पांनी विचारलं.

"हौद्री, व्हय, माझीच," कल्लप्पा पुढं वाकून म्हणाला. "फुटल्यावरसुद्धा बघा कशी दिसती."

"मी दुसरा काढतो," मामा म्हणाले.

"दुसऱ्यात काय, सूर्य दाखवणार?" सिद्धाप्पा उठले. "माडी सोडा."

मामा जिना चढले आणि नऊ वर्षांनंतर रावजीशी बोलले. "काय केलंस तू?"

रावजीनं माझ्याकडं बघितलं. "त्यांना सांगा, काच लई घाण हुती. समदीकडं ठिपकंच ठिपकं. बाटलीच्या पोटावर तर ह्येवढा वण. दीस मावळस्तवर खरवडत बसलो."

"आन् चंद्र?"

"त्यो हुताच म्हणावं. ढग तेवढा मी घातला."

ते दोघं हातभर अंतरावर उभे होते. तरी मी सांगितलं.

आम्ही, रावजीसकट, मागच्या बोळात पश्चिमेचं ऊन येणारी एक खोली घेतली. तिथं लोक डोळे मिटलेले फोटो काढून नेत. माडीच्या जिन्यावर कल्लप्पानं पाटी लावली. तीच बाटली, तोच ढग, आणि वर मोठ्या अक्षरात 'चंद्र सोडा'. ती बघून मामांनी स्वतःचा फोटो काढवून घेतला. बोटांनी ओठ वर धरून, दातांचं खिंडार पुढं करून. तो दुकानाच्या दारावर टांगायचा आणि खाली 'कल्लप्पाचा सोडा प्यालो' असं लिहायचं, म्हणजे पेठ काय ते समजेल.

"त्याला सांगा," मामा म्हणाले, "माझ्या दातांना हात लावशील तर हात तोडीन."

मी अक्षर न् अक्षर सांगितलं. रावजी 'बरं' म्हणाला.

फोटो दुसऱ्या दिवशी तयार झाला. त्यात मामा ओठ वर धरून आपले सगळे दात जगाला दाखवत होते. मधले दोन जरा जास्तच पांढरे. मामांनी कार्ड रावजीसमोर आपटलं.

"त्यांना सांगा," रावजी पात्याला धार लावत म्हणाला, "दातांना हात लावल्याला न्हाई. तितं दात नव्हतंच."