चित्र क्रमांक चार

मास्तरांचा यात फायदा असा, की सत्तरी उलटल्यावर का होईना, त्यांची चित्रं दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर लागणार होती. साठीनंतर पहिल्यांदा चित्रं मांडणाऱ्यांसाठी एका गॅलरीने दालन राखून ठेवलं होतं, तेही फक्त याच वर्षी. त्यांच्या बायकोचा फायदा त्याहून साधा होता. चित्रं गेली तर मागच्या खोलीतलं कपाट उघडणार होतं. अकरा वर्षं त्याच्या दाराला कॅनव्हास टेकून उभे होते आणि आत काय आहे हे दोघांनाही आठवत नव्हतं.

"अहो, हलू नका. सावली पडतेय तुमची."

"मी नाही हललो. ऊन हललं."

बायकोला ऑफिसात टपालबाई म्हणत. एकतीस वर्षं त्या आवक-जावकच्या टेबलावर बसल्या आणि चुकीचा कागद घातलेलं एकही पाकीट त्यांच्या हातून बाहेर पडलं नाही. मास्तरांनी शाळेत चित्रकला शिकवली आणि जन्मात एक फॉर्म धड भरला नाही. त्यामुळे गॅलरीचा अर्ज कुणाच्या गळ्यात पडणार, हे विचारायची गरजच नव्हती.

सहा फोटो पाठवायचे होते, आज पाचच्या आत. पाच फोटो कालच गेले. चौथा मात्र सकाळपासून छळत होता. आधी काचेत चित्राऐवजी फोन धरलेल्या टपालबाईच दिसल्या. काच काढली तर चित्र वरच्या बाजूला निमुळतं येऊ लागलं. खुर्चीखाली पुस्तकं सरकवून ते सरळ केलं, तर अर्ध्या भागावर ऊन आलं. नियम क्रमांक सात सांगत होता : चारही कडा सरळ, उजेड सगळीकडे सारखा, फ्रेम दिसता कामा नये. हा नियम करणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी बाल्कनीत उकिडवं बसून फोटो काढला असेल का, अशी टपालबाईंना शंका होती.

चित्रात टपालबाईच होत्या. खिडकीपाशी शिवणयंत्रावर वाकलेली सत्तावीस वर्षांची बाई, एका गालावर उजेड. मास्तरांनी अकरा रविवार खर्चून ते काढलं होतं. त्यानंतर ते बाटल्या, खुर्च्या आणि डोंगर यांच्याकडे वळले. ती मंडळी बसताना कुरकुर करत नाहीत.

एकोणचाळिसावा फोटो जमला. टपालबाईंनी तो लेकीने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर घेतला. फाइल मोठी आहे म्हणून गॅलरीच्या वेबसाइटने ती परत केली. लहान केली, तर फारच लहान आहे म्हणून परत केली. मागून मास्तर वाकून पाहत होते.

"गाल हिरवा आलाय."

"येऊ दे."

"येऊ दे काय? आजारी वाटतेय बाई."

"आजारी नाही, वैतागलीय. जरा गप्प बसता का?"

मास्तर गप्प बसले आणि बाल्कनीत गेले. नवरा न बोलता उठून गेला की मागोमाग जाऊन बघावं, एवढं त्रेचाळीस वर्षांच्या संसारात टपालबाईंना कळलं होतं. पण त्या वेळी लेकीचा फोन लागला होता.

"आई, लांब बाजू दोन हजार पिक्सेल ठेव आणि फाइल दोन एमबीच्या आत."

"ते झालं गं. पण गाल हिरवा दिसतोय म्हणतात तुझे बाबा."

"मला पाठव बघू." जरा वेळाने ती म्हणाली, "कुठे हिरवा? छान गुलाबी आहे. अगं, त्या लॅपटॉपचा पडदाच हिरवट झालाय. म्हणून तर तुम्हाला दिला."

"हे आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही त्यावर वीजबिल भरणार होतात, आई."

टपालबाई बाल्कनीत पोचल्या तेव्हा मास्तर सुरी पुसत होते. चित्रातल्या बाईचा गाल त्यांनी पार कापडाच्या धाग्यांपर्यंत खरवडून काढला होता आणि वर ताजा गुलाबी रंग चढवला होता.

"आता काढ फोटो. आता नाही यायचा हिरवा."

"अहो, पडदा हिरवा होता."

"म्हणजे?"

"चित्र बरोबर होतं. फोटोही बरोबर होता."

मास्तरांनी चित्राकडे पाहिलं, मग हातातल्या सुरीकडे. टपालबाईंनी नव्या गालाचा फोटो काढून लेकीला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं : "कुणी मारलं का हिला?"

पाच वाजायला दहा मिनिटं होती. टपालबाईंनी एकोणचाळिसावा फोटो पुन्हा निवडला.

"पण चित्र तसं राहिलं नाही आता," मास्तर हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे."

एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते टपालबाईंनी एका बोटाने केलं. पडद्यावरचं चक्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. अर्ज पोचला.

पंधरा दिवसांनी गॅलरीचं पत्र आलं. सहापैकी एकच चित्र निवडलं होतं, चौथं. ते दहा दिवसांत आणून द्यावं, आणि ते पाठवलेल्या छायाचित्राप्रमाणेच असावं. तफावत आढळल्यास स्वीकारलं जाणार नाही. टपालबाईंना त्या वाक्यात नाव ठेवायला जागा सापडली नाही. त्यांनीही ते असंच लिहिलं असतं.

मास्तरांनी फोटो छापून आणला आणि दोन दिवस त्याच्यावरून गाल रंगवला, पुसला, पुन्हा रंगवला. तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"फोटोत रंग कळतो, पण उजेड गालावरून वळतो कसा, ते कळत नाही. जरा बसतेस?"

"आता? या गालावरून तो गाल काढणार तुम्ही?"

"हाड तेच आहे."

टपालबाईंनी हात पुसले आणि त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. मास्तर बराच वेळ नुसतेच पाहत राहिले. बाटल्यांकडे आणि डोंगरांकडे पाहायचे तसे नव्हे.

"मान जरा खाली," ते म्हणाले. "हं. तुला पूर्वी जमायचं नाही असं बसायला."

"पूर्वी कामं असायची मला."

दोन दुपारी त्या कुरकुर न करता बसल्या. नवव्या दिवशी गॅलरीतल्या माणसाने चित्र आणि फोटो शेजारी धरले, एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि पावतीवर लिहिलं : छायाचित्राप्रमाणे. मास्तर भिंत बघायला आत गेले. टपालबाई मात्र चित्रासमोर थांबल्या. तोंडाच्या कडेपासून गालावर चढणारी एक बारीक रेघ त्या सत्तावीस वर्षांच्या बाईला कधीच नव्हती. ती आता तिला मिळाली होती, आणि तिचा पहिला गाल बाल्कनीच्या फरशीवरून अर्ज पाठवला त्याच संध्याकाळी टपालबाईंनीच झाडून काढला होता. त्यांनी पावती पुढे ओढली आणि त्या माणसाला विचारलं, सही कुठे करायची.